चाळीस टोमणे

बाग सेवनिया, भोपाळ
१२ जानेवारी २०२५

आत्या, नमस्कार.

फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपला तू पत्र मानत नाहीस, म्हणून ही मेल. पुण्यात प्रसाददादाकडे आता तरी रमलीस का?

एक काम आहे. आम्ही भोपाळच्या मराठी लोकांसाठी इंटरनेटवर एक सर्व्हर उघडला आहे. सर्व्हर म्हणजे समज, बऱ्याच खोल्यांचं एक घर. एका खोलीत नोकऱ्यांच्या बातम्या, एकीत स्वयंपाक, एकीत नुसत्या गप्पा. दीड वर्षात सहाशे चाळीस लोक झाले. मी आणि संकेत म्हणून एक मुलगा मिळून तो सांभाळतो. त्यात मी एक बॉट बसवला आहे, आपोआप उत्तर देणारा. उद्गारचिन्ह टाकून एक शब्द लिहिला की तो कामाला लागतो. !पुरणपोळी लिहिलं की भोपाळात पुरणपोळ्या करून देणाऱ्या बायकांचे नंबर येतात. !डॉक्टर लिहिलं की मराठी समजणाऱ्या डॉक्टरांची यादी. नवीन कोणी आलं तर स्वागत पण तोच करतो, मला बसून करावं लागत नाही. याला आम्ही कमांड म्हणतो.

मी सोचलं की एक !शब्द नावाची कमांड पण बनवू. कोणी हिंदी शब्द टाकला की बॉट त्याचा मराठी शब्द देईल. इकडे सगळ्यांची मराठी खिचडी होऊन गेली आहे, माझी पण. तू दोनशे शब्द लिहून देशील का? तुझ्याशिवाय मला कोणी सुचत नाही.

गौरी

*

पुणे
१५ जानेवारी २०२५

गौरी,

आशीर्वाद आहेतच. तुझ्या मेलवर मी सतरा ठिकाणी तांबड्या शाईने खुणा केल्या असत्या. ‘मी सोचलं’ हे क्रियापद कुठल्या भाषेतलं, ते तुझ्या बॉटला विचार. आज्ञेला आज्ञा म्हणायची लाज वाटते म्हणून कमांड म्हणायचं आणि त्या कमांडने मराठी शिकवायची, ही तुमची झेप.

सहाशे चाळीस माणसं एकत्र येऊन पुरणपोळीचे नंबर विचारतात, त्याला तुम्ही समाज म्हणता. मी त्या शहरात एकतीस वर्षं मराठी शिकवली. ‘मी खाना खाल्ला’ म्हणणाऱ्या मुलांच्या आया मला येऊन सांगत की बाई, आमच्या घरी अगदी शुद्ध बोलतात. पुण्यात काही वेगळं आहे असं समजू नकोस. इथल्या शेजारीणबाई ‘अ‍ॅक्च्युअली’शिवाय दार उघडत नाहीत. पण त्यांना निदान आपण बिघडलो आहोत हे ठाऊक आहे. तुमच्या भोपाळात बिघडण्याचाच अभिमान.

दोनशे मागितलेस, दोनशे साठ शब्द सोबत जोडले आहेत. पण नुसता शब्द हातात ठेवून कोणी शिकत नाही. माणूस शिकतो तो लाज वाटली की. म्हणून शब्दाबरोबर द्यायला चाळीस वाक्यंही लिहिली आहेत. दोन नमुने देते. ‘शब्द हिंदी, प्रत्यय मराठी, आत्मविश्वास मात्र संपूर्ण स्वतःचा.’ आणि, ‘हे वाक्य मराठीत असतं तर आम्ही वाचलं असतं.’ तुझ्या यंत्राला एवढं तरी पाठ करता येत असेल.

इंदुमती

*

बाग सेवनिया, भोपाळ
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तू तर कमाल केलीस. !शब्द कोणी फारसं वापरत नाही, पण तुझ्या चाळीस वाक्यांची मी वेगळी कमांड बनवली, !चूक. कोणाच्याही लिहिण्याखाली जाऊन !चूक टाकायचं, की बॉट चाळीसातलं एखादं वाक्य उचलून त्याच्या नावानिशी टाकतो. तीन आठवड्यांत अकराशे वेळा वापरली गेली. जे लोक महिनोन्महिने बोलत नव्हते ते पण हसायला येतात. संकेत तर दिवसभर तेच करतो. लोक विचारतात, बॉटच्या आत कोण बसलं आहे? मी सांगितलं, माझी आत्या.

सगळ्यात जास्त मार एका सुशीलाताईंना पडतो. साठीच्या असतील. रोज येतात आणि रोज काहीतरी भयंकर लिहितात. कालचं बघ: ‘मी जेवाले देऊन राहिली, पर ते खाऊन नाही राहिले. मले भाकर बनवता नाही येत. कैसी बनते, कोणी बताव.’ संकेतने लगेच !चूक टाकलं. बॉटने तुझं ते आत्मविश्वासवालं वाक्य दिलं. एकशे बारा लोकांनी हसरे चेहरे टाकले. त्यांनी फक्त ‘जी, धन्यवाद’ लिहिलं. आज परत आल्या आहेत.

गौरी

*

पुणे
११ फेब्रुवारी २०२५

गौरी,

त्या बाईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. अशी वाक्यं जपून ठेवावीत, पुढच्या पिढीला भाषा कशी मरते ते दाखवायला. ‘मले’ हा कुठला शब्द? ‘मुझे’ला मराठी शेपूट लावलं की ‘मले’ होतं असा तिचा समज दिसतो. ‘देऊन राहिली’ म्हणजे ‘दे रही हूँ’ उचलून तसंच्या तसं आपटलेलं. साठ वर्षं मराठी घरात काढून ज्या बाईला भाकरी म्हणता येत नाही आणि करताही येत नाही, तिने इतकी वर्षं केलं तरी काय? आणि वर ‘जी, धन्यवाद’. लाज पोचत नाही असं कातडं आहे.

तिच्यासाठी म्हणून तीन वाक्यं वेगळी लिहिली आहेत, खाली देते. तिसरं जरा तिखट आहे: ‘आपण बोलू नये, नुसत्या खुणा कराव्यात, त्यात व्याकरण लागत नाही.’ तेच आधी वापर. अशांना तेच लागू पडतं.

तुझं पत्र या वेळी बरं होतं. नऊच चुका.

इंदुमती

*

बाग सेवनिया, भोपाळ
२ मार्च २०२५

आत्या,

हे पत्र मी दोन वेळा लिहून फाडलं, म्हणजे डिलीट केलं.

तुझं तिसरं वाक्य मी बॉटमध्ये टाकलं, खास सुशीलाताईंच्या नावाला जोडून. १४ तारखेला त्यांनी लिहिलं, ‘आंग दुखून राहिलं मतलब काय? बदन की जोड़?’ संकेतने !चूक टाकलं आणि बॉटने त्यांना सांगितलं की बोलू नका, खुणा करा. त्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. मला दहा दिवस लक्षातच आलं नाही. मग वाटलं, बघावं तरी. बॉट सगळ्यांचं लिहिलेलं साठवून ठेवतो. मी त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं काढलं.

३ जानेवारीला, सर्व्हरवर आल्या तेव्हा, त्यांनी ओळखीच्या खोलीत एक मोठं पत्र लिहिलं होतं. हिंदीत. की माझं नाव सुशीला गावंडे, मी विदिशाची, माहेरची मराठी नाही. माझे पती दत्तू गावंडे अकोटकडचे, एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात फिटर म्हणून भोपाळला आले. आम्ही चाळीस वर्षं घरात हिंदी बोललो. दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाला. आता त्यांची हिंदी गेली. डॉक्टर म्हणाले कधी कधी असं होतं, नंतर शिकलेली भाषा जाते आणि लहानपणची राहते. ते दिवसभर मराठी बोलतात आणि मला काही समजत नाही. मला लवकर शिकायची आहे. आप लोग मदद करेंगे?

त्याच्या खाली एकच उत्तर होतं. माझ्या बॉटचं. ‘नव्या सदस्याचं स्वागत! भूक लागली असेल तर !पुरणपोळी लिहून बघा.’

ते पत्र कोणीच वाचलं नव्हतं. मी पण नाही. स्वागत बॉट करतो ना.

त्या पत्रात त्यांचा पत्ता पण होता. काल मी अवधपुरीला त्यांच्या घरी गेली. नाव सांगितलं तरी त्यांना कळलं नाही मी कोण, मग मी बोलली की तो बॉट माझा. त्यांनी चहा केला. दत्तूकाका पलंगावर होते, उजवा हात बिलकुल हलत नाही. सुशीलाताई त्यांच्याशी बोलत होत्या, ‘मले सांग, काहून रागावून राहिले?’ आणि काका उत्तर देत होते, त्याच बोलीत. ‘मले’ त्यांचाच शब्द आहे, आत्या. ‘देऊन राहिली’ पण त्यांचंच. सुशीलाताईंनी जे ऐकलं ते जसंच्या तसं शिकल्या, आणि आम्ही त्याला चूक म्हटलं. सुरुवातीला ते ‘ताहान, ताहान’ म्हणायचे आणि त्या त्यांना चादर ओढून द्यायच्या. चार दिवस.

मी माफी मागितली तर म्हणाल्या, ‘बेटा, वो तर मशीन आहे. मशीन का क्या बुरा मानना. मले इतनाच सांग, ते वाक्य कोण लिहितं?’

मी तुझं नाव सांगितलं. सांगायला नको होतं का?

गौरी

*

पुणे
३ मार्च २०२५

गौरी,

यंत्र तू बनवलंस. आज्ञा त्या संकेतने दिली. हसले एकशे बारा जण. मी फक्त वाक्यं लिहिली, तीही तुझ्याच कामासाठी. त्या बाईंबद्दल वाईट वाटतं. पण माणूस आजारी पडला म्हणून व्याकरणाने अंथरूण धरायचं नसतं. खेड्यातलं बोलणं ते खेड्यातलं बोलणं. ते पलंगावरून आलं म्हणून प्रमाण होत नाही.

नाव सांगायला नकोच होतं.

इंदुमती

*

बाग सेवनिया, भोपाळ
१२ मार्च २०२५

आत्या,

तू हेच लिहिणार हे मला माहीत होतं, तरी पण मी वाट बघत होती.

!चूक मी काढून टाकली आहे. लोक नाराज झाले. सत्तर जण सोडून गेले. संकेतने त्यांना घेऊन दुसरा सर्व्हर उघडला आणि तुझी सगळी वाक्यं तिकडे नेली, ती तीन पण. त्याने त्यात स्वतःची आणखी साठ घातली आहेत. ती इतकी घाण आहेत की मी तुला लिहू शकत नाही. तिकडे रोज नवीन कोणी सापडतं. ती वाक्यं आता मला परत घेता येत नाहीत. तुला येत असतील तर घे.

नवीन आलेल्यांचं स्वागत आता मी स्वतः करते. वेळ लागतो.

या पत्रात किती चुका आहेत ते मोजू नकोस. मला कळवू पण नकोस.

गौरी

*

पुणे
२२ मार्च २०२५

सौ. सुशीला गावंडे यांना नमस्कार.

आपला पत्ता गौरीकडे मागितला. तिने तो एका ओळीत पाठवला, खाली स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नाही. ती वाक्यं लिहिणारी बाई मी. कागदावर हाताने लिहिते आहे, कारण हे यंत्रातून जाऊ नये असं वाटलं.

आपली क्षमा मागते. ती मागताना एक गोष्ट लपवली तर क्षमेला अर्थ नाही, म्हणून सांगते. मी गौरीला लिहिलं होतं की ‘मले’ हा शब्दच नाही, तो हिंदीतून ओढून आणला आहे. ते खोटं होतं. मला तो शब्द चांगला माहीत होता. माझा जन्म दर्यापूरचा. नागपूरहून सरकारी कचेऱ्या भोपाळला आल्या तेव्हा वडिलांबरोबर आम्ही आलो, मी सहा वर्षांची होते. घरात आई, वडील, मी, सगळे ‘मले’ आणि ‘तुले’च बोलत असू. अठराव्या वर्षी शिकायला पुण्याला गेले. पहिल्या दिवशी वर्गात मी म्हणाले, ‘मले दिसत नाही, पुढं बसू का?’ सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. वर्षभर मला वसतिगृहात ‘मले’ याच नावाने हाक मारत. मी वर्षभरात ती बोली जिभेवरून खरवडून काढली. सुट्टीत घरी आले तेव्हा आईला दुरुस्त करू लागले. आई माझ्याशी कमी बोलू लागली. धाकट्या भावाला तर मी ती बोली लागूच दिली नाही. म्हणून गौरीला ती ओळखूही आली नाही.

मला वाटत आलं की मी लाजेने शिकले, तर इतरांनाही लाजेनेच शिकवावं. एकतीस वर्षं तसंच शिकवलं. आपलं वाक्य वाचलं तेव्हा माझ्या आईचा आवाज आला, आणि मी त्याच्यावर तीन टोमणे लिहिले.

आपल्याला काही शब्द हवे असतील तर मी लिहून पाठवीन.

इंदुमती हरकरे

*

अवधपुरी, भोपाल
१ एप्रिल

इंदुमती बाई, नमस्ते.

तुमचं पत्र मिळालं. तीन बार वाचलं. तुमचे अक्षर सुंदर आहेत, पर शब्द कठीण आहेत. गौरी बेटी रविवारी आली तेव्हा बाकी तिने समझावलं.

माफी मांगितली तुम्ही. ठीक आहे. तिचं मी काय करू ते समझलं नाही, तर अलमारीत ठेवली.

तुम्ही लिहिलं की शर्म वाटली म्हणून तुम्ही शिकल्या. मी नाही मानत. मी तर ताहानने शिकली. ते पानी मांगत होते आणि मी चादर देत होती. त्यात शर्म कराले टाइम नव्हता. तुमच्याकडे खूप टाइम होता असं मले वाटलं.

यांनी चाळीस साल माझ्यासमोर आपली भाषा नाही बोलली. मी पुछत होती तर हंसून टाळत होते. एक बार जवान होते तेव्हा गणपतीत मराठी नाटकात काम मांगाले गेले होते. बोलणं ऐकून लोक हसले. मग कभी नाही गेले. मले वाटायचं की मराठी लोग आपसात प्यार करत असतील, मेरे कारण ते अलग पडले. आता समझलं की मेरे कारण नाही.

शब्द नको पाठवू. कागजवाले शब्द ते नाही समझत. एक डॉक्टर मराठीत बोलले तुमच्यासारखे, तर यांनी तोंड फिरवलं.

तुमाले खरंच ती बोली येते तर इथे या आणि यांच्याशी बोला. भूलून गेल्या असाल तर नका या. शुद्ध बोलणारे भोपालमध्ये बहुत आहेत, ते हसतात भी चांगलं.

सुशीला

*

बाग सेवनिया, भोपाळ
१९ एप्रिल २०२५

गौरी,

तू कंपनीच्या कामाला हैदराबादला गेलीस आणि मी इथे तुझ्या घरात एकटी, हे बरंच झालं. तू असतीस तर बरोबर आली असतीस, आणि तुझ्यासमोर मला ते जमलं नसतं. तुझा गॅस नीट पेटत नाही. बाकी घर स्वच्छ आहे.

काल अवधपुरीला गेले. रिक्षावाला दोन वेळा रस्ता चुकला. मी त्याला काही बोलले नाही, यावरून माझी अवस्था समज. सुशीलाबाईंनी दार उघडलं, ‘या’ म्हणाल्या आणि आत गेल्या. पाणी दिलं. बसा म्हणाल्या नाहीत, मी आपली बसले.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, ‘नमस्कार, आता कसं वाटतंय आपल्याला?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. बायकोला म्हणाले, ‘हे कोन बाई हाय? हिले जाऊ दे घरी.’ सुशीलाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी एकतीस वर्षं मुलांना दाखवत आले आहे. समोरून कसं दिसतं ते काल कळलं.

गौरी, मला बोलता येईना. शब्द आठवत होते सगळे. जीभ उचलत नव्हती. पुण्यातला तो वर्ग अजून तिथेच बसला आहे असं वाटलं. मी सत्तरी ओलांडलेली बाई, आणि त्यातल्या निम्म्या मुली तरी एव्हाना मेल्या असतील. समोरचं पाणी पिऊन टाकलं. मग म्हटलं, ‘काय भाऊ, जेवलं का?’

त्यांनी मान वळवली. कोन्या गावची म्हणून विचारलं. मी दर्यापूर सांगितलं. ते म्हणाले, दर्यापूरचे लोकं लबाड असतात. मी म्हटलं, असतात.

मग ते तासभर बोलले. अर्धं मला कळलं नाही, ते बोली परकी म्हणून नव्हे, त्यांचं तोंड वाकडं झालं आहे म्हणून. शेतातल्या कापसाचं, थोरल्या भावाचं, कोणा वासराचं बोलत होते. कापूस वेचायला आला आणि आपण इथे पडून राहिलो याची त्यांना काळजी आहे. मधे मधे सुशीलाबाई विचारत, ‘काय बोलले?’ आणि मी त्यांना हिंदीत सांगे. हो, हिंदीत. माझी हिंदी किती वाईट आहे ते मला काल समजलं. त्यांनी एकदाही दुरुस्त केली नाही. नुसत्या थांबत, आणि मी पुन्हा सांगे.

निघायच्या आधी त्या चहा ठेवायला आत गेल्या. तेव्हा दत्तूभाऊंनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, ‘माही बायको आता माह्यासंगं बोलते. लय चुकते. पन तिले सांगू नोको.’

मी म्हटलं, ‘नाई सांगत.’

तेवढ्यात त्या चहा घेऊन आल्या. काय बोलले म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, म्हणतात, आता तुमच्याशी बोलता येतं.

‘वो मले मालूम आहे,’ त्या म्हणाल्या.

चहा पिऊन होईपर्यंत दत्तूभाऊंना झोप लागली. सुशीलाबाईंनी त्यांच्या अंगावर चादर सारखी केली आणि दारापर्यंत माझ्याबरोबर आल्या. मी विचारलं, उद्या येऊ का. त्यांनी आत पलंगाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘चार के बाद या. उसके पहले नको. उसके पहले आम्ही दोघं बोलत असतो.’

तुझी
आत्या